काट्याचं पडणं

"दोन सेन्सर बदलले, तरी काटा पडतोच कसा, उस्ताद?"

दस्तगीर उस्तादांनी चहा बशीत ओतला.

कराड-चिपळूण रस्त्यावरच्या त्या गॅरेजात श्रेणिक मगदूमनं सहा वर्षं काढली होती. हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. उंब्रजला त्यानं स्वतःच्या गॅरेजसाठी शेड घेतली होती. पाटीसुद्धा रंगवून तयार. अडलं होतं एका शब्दावर. उस्तादांनी 'जा' म्हटल्याशिवाय तिथून आजवर कुणी गेलं नव्हतं.

"एवढी गाडी नीट कर, मग बोलू," उस्ताद म्हणाले होते. त्याला आज चौथा दिवस.

गाडी गुरांच्या डॉक्टर चौगुलेबाईंची. चांगली पळता पळता वेगाचा काटा एकदम शून्यावर यायचा, दिवा लागायचा, आणि गाडी थांबवायला जावं तर इंजिनच बंद पडायचं.

"तुझं ते दोष वाचायचं यंत्र काय म्हणतं?" उस्तादांनी विचारलं.

"वेगाचा सिग्नल मिळत नाही म्हणतं."

"आणि वायर?"

"मीटर लावून बघितली. ठणठणीत आहे."

"तेव्हा गाडी काय करत होती?"

"काय करणार? उभी होती."



बाई टायरच्या चळतीवर बसून वाट बघत होत्या. उस्ताद त्यांच्याकडे वळले.

"डॉक्टरीणबाई, बैल लंगडतोय म्हणून बोलावणं आलं, तर तुम्ही काय करता?"

"चालवून बघते. उभ्या बैलाचं काय कळणार?"

श्रेणिकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहा वर्षं घासल्यावर आता बैलावरून शिकायचं! पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. त्यानं मुकाट्यानं जॅक आणला.

पुढची चाकं हवेत उचलली, खाली भक्कम ठोकळे दिले. बाई आत बसल्या, गाडी गिअरमध्ये टाकली. गाडी जागच्या जागी, आणि चाकं गरागरा. काटा चाळिसावर.

उस्तादांनी बॉनेट उघडून एक बांबूची काठी श्रेणिकच्या हातात दिली.

"वायर हलव. सावकाश."

त्यानं सेन्सरपाशी हलवली. काही नाही. वीतभर पुढं. काही नाही. वायर जिथं वळण घेऊन वर येते तिथं काठी टेकली मात्र...

"पडला!" बाई आतून ओरडल्या.

काठी उचलली.

"चढला!"

टेकली. पडला. उचलली. चढला. एकदा कळल्यावर पुन्हा करायची गरज नव्हती, पण श्रेणिकनं सात-आठ वेळा केलं. चार दिवसांत तो पहिल्यांदाच हसत होता.

इंजिन बंद करून त्यानं वायर सोलली. वरचं आवरण धड होतं, आतली तार तुटलेली. स्वस्थ असली की टोकं एकमेकांना चिकटून राहायची, हलली की सुटायची.

पण तुटली का? वायर लोंबकळत होती म्हणून. तिला धरून ठेवणारी क्लिप तिथं असायला हवी होती. तिचं भोक रिकामंच होतं...

श्रेणिक त्या भोकाकडे बघतच राहिला.

मागच्या महिन्यात याच गाडीचा क्लच त्यानं बदलला होता. गिअरबॉक्स उतरवताना क्लिप त्यानंच काढली होती.

बाईंना यातलं काही कळलं नसतं. उस्ताद तर पाठ करून हात धूत होते. गप्प राहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत उंब्रज त्याचं होतं.

"बाई," तो म्हणाला, "क्लिप बसवायची मीच विसरलो होतो. तुमचे चार दिवस माझ्यामुळं गेले. माफ करा."



त्यानं तार जोडली, नवी क्लिप बसवली. बाई मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आल्या, काटा एकदाही पडला नाही म्हणाल्या, आणि गेल्या.

"उस्ताद, उंब्रजचं राहू दे. मी अजून कच्चा आहे. दोन वर्षं इथंच तुमच्याजवळ थांबतो."

उस्तादांनी जॅक उचलून बाजूला ठेवला.

"इथं माझ्याजवळ उभा राहिलास, तर त्या वायरसारखा कायम ठणठणीतच दिसशील, बेटा. जा."