न उचललेला घास

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, मार्गशीर्ष महिना, हेमंत ऋतू. एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध आचार्यांपुढे सहीचा कागद घेऊन उभी राहिली. धुळीच्या कणाहून शतपट सूक्ष्म अशा पॉलिमरच्या कणांत कर्करोगाचे औषध भरून ते गाठीपर्यंत पोचवायचे, हा तिचा पाच वर्षांचा ध्यास. सही झाली तरच प्राण्यांवरील चाचणी सुरू होणार होती, आणि तिची शिष्यवृत्ती माघाअखेर संपत होती.

निरोगी पेशींवर कण घालून तिने एक दिवस वाट पाहिली होती. मेलेली पेशी रंगद्रव्याने निळी होते. तिच्या बशीत एकही निळी नव्हती.

आचार्यांनी कागद बाजूला सारला आणि औषधाविना, नुसते रिकामे कण पेशींवर घालून चार दिवस ठेवायला सांगितले.

"सर, रिकाम्या डब्याची कसली चव घ्यायची?" ती जरा घुश्शातच म्हणाली.

"घे तर खरी," एवढेच उत्तर मिळाले.

चौथ्या दिवशी तिने उबेच्या कपाटाचे दार उघडले. पेशी खातात, वाढतात, तसा त्यांच्या अन्नद्रवाचा गुलाबी रंग पिवळसर होत जातो. तुलनेसाठी शेजारी ठेवलेली, कण न घातलेली बशी पिवळी झाली होती. कण घातलेली मात्र पहिल्या दिवसाइतकीच गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी निळी दिसेना. मोजल्या, तर जितक्या ठेवल्या तितक्याच. जणू पंगत बसली आहे, पाने वाढलेली आहेत, आणि चार दिवसांत एकाही हाताने घास उचललेला नाही. त्या बशीकडे पाठ करून उभे राहणेही तिला नकोसे वाटले.

आचार्यांनी हलकेच विचारले, "कण किती वेळा धुतलेस?"

एकमेकांना चिकटू नयेत म्हणून हे कण साबणासारख्या द्रव्यात घडवतात आणि मग ते द्रव्य निघून जावे म्हणून तीनदा धुतात. दर धुण्यात थोडे वाया जातात, म्हणून तिने एकदाच धुतले होते. तिने ते कबूल केले.

"औषध आपले काम करून निघून जाते, बाळ. त्याला वाहून आणणारा मात्र घरात मुक्काम करतो. त्याने यजमानाला मारले नाही, एवढ्यावरून त्याला सोयरा म्हणू नये. तो घरात असताना यजमान जेवतो का, ते पाहावे. मारत नाही म्हणजे मानवतोच, असे नाही."

तिने नव्याने कण घडवले, तीनदा धुतले. निम्मे वाया गेले. माघ शुद्ध पंचमीच्या सकाळी तिने त्या कणांची चार दिवस ठेवलेली बशी आचार्यांच्या मेजावर ठेवली. द्रव पिवळा झाला होता. आचार्यांनी काही न विचारता सही केली.