भोपळ्याची सोयरीक

"चोर! अख्खं निंबोळं गाव चोर!" राजे गडगडराव सिंहासनावरून समोर उभ्या असलेल्या भिवरावर ओरडले.

भिवरा माळीण निंबोळ्याचं बियाणंघर सांभाळायची. चावडीमागे एक खोली, खोलीत मडक्यांची उतरंड आणि मडक्यांत राख लावून ठेवलेलं बी: दोडका, घेवडा, वांगी, तांबडा भोपळा. ज्याला लागेल त्यानं मूठभर न्यावं आणि पीक आलं की दोन मुठी परत आणून द्याव्यात, एवढाच तिथला कायदा. पेरा आठ दिवसांवर आला होता आणि नेमकं भोपळ्याचं सगळं बी शिपायांनी पोत्यात ओतून दरबारात आणलं होतं.

"सरकार, आम्ही चोरलं तरी काय?"

"माझा सुवर्णकुंभ! हत्तीच्या पिल्लाएवढा भोपळा! गेल्या साली तुमच्या गावच्या मधमाश्या राजरोस माझ्या बागेत शिरल्या, त्याच्या नर फुलांतला पराग अंगाला फासून घेतला आणि तुमच्या परसातल्या मादी फुलांवर नेऊन झटकला! प्रधानजींनी जवळून पाहिलंय!"

प्रधानजींनी सुजलेलं नाक पुढे करून साक्ष दिली. फारच जवळून पाहिलं असावं.

"म्हणजे तुमच्या भोपळ्यांचा बाप माझा भोपळा! आणि लेकरू कुणाच्या घरचं, प्रधानजी?"

"बापाच्या घरचं, महाराज!"

"झालं तर! हे सगळं बी माझं!"

भिवराला राग आवरेना. "सगळ्याच फुलांवर कुठं तुमचा पराग पडला असेल, सरकार? आमच्या वेलांनाही नर फुलं येतात की!"

"असं? मग निवड! उद्या दुपारपर्यंत माझ्या भोपळ्याची पोरं एका टोपलीत आणि तुमच्या भोपळ्याची दुसऱ्या टोपलीत. एक जरी बी चुकलं, तर पोतं माझं आणि तुझ्या बियाणंघराला कुलूप!"

भिवरानं पोतं घरी आणून अंगणात ओतलं. सगळ्या बिया सारख्याच पांढऱ्या, सारख्याच चपट्या. एकीच्याही कपाळावर बापाचं नाव नव्हतं! बघता बघता चाळीस घरांतल्या चाळीस बायका ढिगाभोवती गोळा झाल्या. बियाणंघराला कुलूप लागलं तर यंदा कुणाच्याच परसात वेल चढणार नव्हता.

शेजारची सगुणा मात्र आपलंच दुःख उगाळत बसली होती. महिन्यापूर्वीच तिनं लेकीचं लग्न उरकलं होतं. "राजाचं काय घेऊन बसलीस आक्का? राजा परवडला, पण वरमाई नको गं बाई! पाय धुवायला पाणी गार दिलं म्हणून रुसली. गरम दिलं तर पाट डगमगतो म्हणून रुसली. माझ्या मालकांनी पाटाखाली हात घातला, तेव्हा कुठं उठली!"

भिवरा ढिगावरून ताडकन उठली. "सगुणे, तुझ्या तोंडात साखर पडो! बायांनो, उद्या ठेवणीतली लुगडी नेसा. नथी घाला. आणि जमतील तेवढी तोंडं फुगवा!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताशा-पिपाणीच्या गजरात वरात राजवाड्यावर धडकली. पुढे पोतं घेऊन भिवरा आणि मागे नटूनथटून चाळीस बायका. बायका दारातच थांबल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

"निवडलंस बी?" राजानं विचारलं.

"निवडायचं कशाला, सरकार? सगळंच घ्या! लेकरू बापाच्या घरचं. तुमचा न्याय आम्हाला मान्य!"

राजा खूश झाला. प्रधानजी सुजल्या नाकानं हसले.

"फक्त त्याच न्यायानं आमची नातवंडंही आमच्या पदरात घाला," भिवरा म्हणाली.

"कसली नातवंडं?"

"ती काय, ओसरीवर मांडून ठेवलीत ती! मधमाशी तुमच्याकडून आमच्याकडे आली, हे प्रधानजींनी पाहिलंच. मग आमच्याकडून तुमच्याकडे जाताना ती काय अंग झाडून गेली? आमच्या फुलांचा पराग घेऊनच गेली की! म्हणजे तुमच्या वेली आमच्या सुना आणि तुमच्या ओसरीवरचे भोपळे आमचे नातू!"

"सगळ्याच फुलांवर कुठं तुमचा पराग पडला असेल?" राजा गरजला.

"मग निवडा, सरकार!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं.

"तुमचं निवडून होईपर्यंत आम्ही इथंच बसतो," भिवरा म्हणाली. "तुम्ही मुलीकडचे, आम्ही मुलाकडचे. दारात चाळीस वरमाया खोळंबल्यात. पाय धुवा, पाट मांडा, मानपान करा!"

"पाणी गार आहे!" दारातून एक आवाज आला.

"अजून दिलंच कुठं?" राजा दचकला.

"दिलं नाही म्हणूनही रुसलोय!"

"आणि पाट डगमगतोय!" शिपायांनी घाईघाईनं मांडलेल्या पाटावर बसत सगुणानं हौस भागवून घेतली.

"प्रधानजी, पाटाखाली हात घाला!" राजानं घाबरून हुकूम सोडला. तेवढ्यात पडद्याआडून राणीसाहेबांचं खो-खो हसू ऐकू आलं. राजानं पाटापुढे ओणवे झालेले प्रधानजी पाहिले, चाळीस फुगलेली तोंडं पाहिली आणि त्याचंही हसू फुटलं. पोट धरधरून हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला!

"हरलो, विहीणबाई, हरलो! पोतं तुमचं, बियाणंघर तुमचं! आणि त्याला आमच्याकडून दगडी खोली बांधून देतो. शिवाय उंदरांच्या बंदोबस्ताला राजवाड्यातलं मांजर!"

मग तो जरा ओशाळून पुढे सरकला. "व्याही या नात्यानं आम्हालाही मूठभर बी मिळेल का?"

"का नाही? पण कायदा सर्वांना एकच. एक मूठ न्या, दोन मुठी परत करा."

राजानं आपला सुपाएवढा पंजा पोत्यात घातला. भिवरानं तो हळूच धरून बाहेर काढला आणि स्वतःच्या चिमुकल्या मुठीनं बी मोजून त्यावर ठेवलं.

"द्यायची मूठ माझी, सरकार," ती म्हणाली. "परत करायच्या तुमच्या!"