पागोटे बापाने उतरवायचे

जांभुळखोरीच्या नदीवर आता पूल झाला आहे, तरी नवरी घेऊन परतणारे वऱ्हाड थेट पुलावर चढत नाही. आधी खाली जुन्या उतारापाशी थांबते, जिथून पूर्वी दगडांवरून पायी नदी ओलांडत. तिथे नवरदेवाचा फेटा उतरवतात, आणि तो दुसऱ्या कोणी नाही, त्याच्या बापानेच उतरवायचा. पाहुण्यांना हसू येते. खुशाल हसावे, पण आधी रायाजीची गोष्ट ऐकावी.

पूर्वी म्हणे शेतात लंगोटीवर राबलेले चाले, पण डोके बोडके दिसता कामा नये. बोडके डोके म्हणजे सुतक. बाप जिवंत असताना पोराने चारचौघांत पागोटे सोडले, तर वर्षाच्या आत बाप जातो, असा पक्का समज होता.

रायाजीचा मुलगा गुणाजी पलीकडच्या गावची नवरी घेऊन येत होता. तिचे नाव ठकू. तिच्या अंगावर जरीचा जड शालू, त्याच्या डोक्यावर तीस हात लांब पागोटे. वऱ्हाड नदी उतरून गेले होते. मागे जोडपे दगडांवरून येत होते आणि रायाजी काठावर वाट पाहत उभा होता. वरच्या अंगाला वळीव पडला होता, त्याचा लोंढा अचानक आला. ठकूचा पाय घसरला, शेल्याची गाठ सुटली. तिने एका खडकाला कशीबशी मिठी मारली, पण भिजलेला शालू तिला खाली ओढू लागला.

"अवो, पागोटं टाका!" ती ओरडली. नवऱ्याशी ती बोलली ते हे पहिलेच, असे सांगतात.

पुढच्या दगडावर उभ्या गुणाजीचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच अडला. त्याने बापाकडे पाहिले.

रायाजीने एकच शब्द बोलायचा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःची तिरडी आली. जीव कोणाला नको असतो? ठकूकडे त्याचे लक्षच नव्हते. तो पोराच्या हाताकडे पाहत होता आणि तो हात रिकामाच खाली यावा म्हणून देवाला विनवत होता.

"सोड रं, सोड!" शेवटी त्याच्या तोंडून फुटले. गुणाजीने पागोटे सोडून त्याचे एक टोक भिरकावले. ते खडकापर्यंत नीट पोचले. खडकावर कोणी नव्हते.

रायाजी त्या वर्षी मेला नाही, पुढेही पुष्कळ जगला. गुणाजी मात्र त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. गावात लग्न निघाले की म्हातारा उतारावर जाऊन बसे आणि नवरदेवाच्या बापाचे पाय धरी. "पोराला इचारायची पाळी आणू नगंस, बाबा. तुझ्या हातानं काढ."

आता रोज डोक्याला कोणी काही बांधत नाही. लग्नापुरता भाड्याचा तयार फेटा येतो, टोपीसारखा एका झटक्यात निघतो. पण आजही त्या उतारावर बापाने हात वर केला की वाजंत्री थांबते. बहुतेक बाप चटकन फेटा उतरवतात. एखाद्याचा हात जरा घुटमळतो, आणि तेवढा वेळ नवरी त्या हाताकडे बघत उभी असते.