करपलेली काच

डोंगराआडच्या एका गावात एक छोटा दवाखाना होता. तिथे मोतीराम गेडाम रक्त तपासत असे. तापाचा रोगी आला की बोटातून थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, हवेवर वाळवून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे, हे त्याचं काम.

पुढे दवाखान्यात एक यंत्र आलं. त्याचा कॅमेरा रक्ताचे फोटो काढी आणि जंतू दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती लाल गोल करी. डोळ्यांचं काम वाचलं, तसं हाताचंही वाचवावं असं मोतीरामच्या मनाने घेतलं. पावसाळी हवेत काच वाळता वाळत नसे. तो ती स्टोव्हवर धरून वाळवू लागला. रक्ताला आच लागली की जंतू दिसेनासे होतात, हे त्याला शिकवलेलं होतं. पण आता यंत्र आहे, ते बघून घेईल, असं म्हणून तो निर्धास्त राहिला. यंत्र बिचारं काय बघणार? समोर ठेवाल तेच ना!

एकदा टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, रैनीबाई उसेंडी तापाने फणफणलेल्या लेकीला पाठुंगळी घेऊन आली. पडद्यावर एकही लाल गोल उमटला नाही. “हिवताप नाही,” असं सांगून मोतीरामने मायलेकींना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी काचा आवरताना त्याला त्या पोरीची काच दिसली. थेंब पार करपला होता. बोलावं तर अब्रू जाणार. गप्प बसलं तर सगळे यंत्रालाच बोल लावणार, आपण सुटणार. त्याने काच कचऱ्याच्या डब्यावर धरलीसुद्धा. पण आईच्या पाठीवर थंडीने दात वाजवणारी ती पोर त्याला आठवली, आणि तो तसाच टोल्याकडे धावला.

पोर आईलाही ओळखत नव्हती.

“मशीन खोटी बोलली का जी?” रैनीबाईने विचारलं.

“मशीन नाही, बाई. मीच तिला करपलेलं रक्त दाखवलं.”

रैनीबाईने लेकीचं बोट पुढे केलं. “आता नीट दाखवा.”

मोतीरामने पोरीला उचलून दवाखान्यात आणलं. या वेळी काच हवेवर वाळली आणि पडदा लाल गोलांनी भरून गेला. लगेच औषध सुरू झालं. पोर वाचली, पण औषधाला उशीर झाल्याने एका कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

तात्पर्य: आपल्या हलगर्जीपणाचं खापर यंत्राच्या माथी फोडता येतं, पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.