साळूमायचा दोर

फार फार वर्षांमागं, या कड्याला अजून नावसुद्धा नव्हतं तेव्हाची गोष्ट. आधी मागं सरका बघू सगळे! कडेला पाय सोडून बसू नका रे, किती वेळा सांगायचं? गोष्ट ऐकल्यावर आपोआप मागं सराल म्हणा. मी लहानपणापासून ऐकतोय, सांगतोय, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

तर खाली ती करवंदवाडी दिसते ना, तिथं खेवजी नावाचा गडी राहायचा. कड्यावरची आग्या मोहोळं काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वाखाचा जाड दोर कमरेला बांधायचा, अंगावर घोंगडी गुंडाळायची, ओल्या पाल्याची धुमसती चूड हातात घ्यायची आणि उतरायचं खाली. खाली म्हणजे कुठं? बघा वाकून. नको, राहू दे, वाकू नका.

वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं, अशी तेव्हाची रीत. सख्ख्या भावाचा भरवसा नाही. जमिनीच्या तुकड्यापायी एखाद्याचा हात सैल सुटायचा. पण आपल्याच बहिणीचं कुंकू कोण पुसील? म्हणून मेव्हणा. खेवजीचा दोर धरायचा त्याचा धाकटा मेव्हणा लुमा. आणि लुमाची बहीण, खेवजीची बायको, ती साळू.

साळू कशी होती? चारचौघींसारखी. नाचणीची भाकरी भाजायची, झऱ्यावरून पाणी आणायची, पावसाळ्यात गळकं छप्पर शाकारायची. कष्ट तर कोणाला चुकलेत? पण खेवजीचं मन काही भरायचं नाही. बैलजोडी झाली की म्हणे खिल्लारी हवी, घोंगडी झाली की म्हणे चांदीचं कडं हवं. हावेला का तळ असतो, बाबांनो? असं म्हणतात, की तो जेवताना पण शेजाऱ्याच्या ताटाकडं बघायचा.

आणि एका साली या बाबाला दुसरी बायको हवीशी झाली! पलीकडच्या वाडीतली पोरगी. तिच्या बापाला यानं मधाचे बुधले भरून द्यायचे कबूल केले. आता बोला! मध काढायचा कशासाठी, तर सवत आणायला. आणि दोर कोणाच्या हातात? पहिलीच्या भावाच्या! माणसाला एवढी अक्कल नसावी?

पण लुमाला काही ठाऊकच नव्हतं. त्यानं नेहमीसारखा दोर या दगडाला वेढा देऊन सोडला. खेवजी मोहोळापाशी पोचला, धूर दिला, मध बुधल्यात गळायला लागला. असा मध जन्मात बघितला नव्हता म्हणे. गडी हुरळला. खालून ओरडला, "लुमा, अजून एक बुधला सोड रे! एवढ्यानं भागायचं नाय."

"कोणाचं भागायचं नाय, दाजी?"

"तिच्या बापाचं! येत्या लगीनसराईत दुसरी करतोय मी."

अहो, लोंबकळतोय कुठं आणि बोलतोय काय! लुमाचं डोकंच फिरलं. एका हातानं त्यानं दोर आवळला आणि दुसऱ्यानं कमरेचा कोयता काढला.

तेवढ्यात भाकरीची टोपली घेऊन साळू वर आली. भावाच्या हातात कोयता बघून ती काय ते समजली. सवतीचं तिला कधीचं कळलं होतं. ती बोलली नव्हती एवढंच. लुमा म्हणाला, "आक्का, तू तोंड फिरव. आज या माणसाचा हिशोब मिटवतो."

साळूनं टोपली खाली ठेवली. दोराचं मोकळं टोक उचललं आणि आपल्या कमरेला गच्च बांधलं. दगडाला पाय लावून बसली.

"आता काप," ती म्हणाली. "ते गेले की मी पण उडी टाकते. दोघं संगंच जातो."

लुमाच्या हातातला कोयता गळाला. असं म्हणतात, की तो इथंच, या खडकावर, लहान लेकरासारखा हुंदके देत बसला.

मग साळूनं खाली हाक दिली, "आवो, काय काय पायजे तुमाला? आज सगळं सांगा."

आणि खेवजी सांगत सुटला! वर काय घडलं याचा त्याला पत्ताच नव्हता ना. "खिल्लारी पायजे! चांदीचं कडं पायजे! आपलं घर बघ इथनं, उंदराच्या बिळावानी दिसतंय. मोठं ओसरीचं घर पायजे! अन् नवी बाईल पायजे!"

"अजून?" साळू विचारायची. तो अजून सांगायचा. संपेचना.

या नादात हातातली चूड विझली. धूर थांबला, आणि मोहोळ उठलं. अरे देवा! उजेड झाकोळला म्हणतात. खेवजी घोंगडीत गुरफटलेला, त्याच्यापर्यंत माशा पोचेनात. त्या उठल्या त्या सरळ वर, जिथं दोन माणसं उघड्या तोंडानं बसली होती तिथं.

लुमा पळाला आणि मागच्या पाण्याच्या टाक्यात बुडी मारून बसला. त्याला नावं ठेवू नका, तुम्ही-आम्ही पण पळालो असतो. साळूला कसं पळता येईल? दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. आणि कसला माणूस, तर असला!

इकडं खेवजी पुरता भेदरला. बुधला सुटला, कितीतरी वेळानं खाली फुटल्याचा आवाज आला. घोंगडीच्या फटीतून त्याला खाली तेच घर दिसलं, उंदराच्या बिळाएवढं. छपरातून बारीक धूर निघत होता. संध्याकाळच्या भाकरीसाठी साळू चुलीत निखारे झाकून आली होती ना, त्याचा. त्या धुराकडं बघताना त्याला बैल आठवेनात, कडं आठवेना, त्या पोरीचं तोंड आठवेना. तो गळा काढून ओरडला, "साळू, वर घे गं! काय नको मला. वर घे!"

दोर हलला. वितीवितीनं वर सरकायला लागला. "साळू, घेतीस ना गं? बोल की!" वरून उत्तर नाही. दोर मात्र थांबला नाही.

कडेला हात लागला, तसा खेवजी चढून वर आला. समोर साळू बसलेली, दगडाला पाय लावून. अंगावर माशांची घोंगडी पांघरल्यासारखी, कुठं बोटभर कातडी दिसत नव्हती. त्यानं आपली घोंगडी तिच्यावर टाकली, तशा माशा उठून गेल्या. अंग गार पडलं होतं. जीव जाऊन कितीतरी वेळ झाला होता. आणि हात? हात अजून दोर ओढत होते! हा इथं, तिच्यापुढं कड्यावर उभा, आणि ते दोन हात आपले ओढतायत, ओढतायत. "साळू, आलो गं मी, पुरं," असं त्यानं तिच्या कानाशी सांगितलं, तेव्हा कुठं ते थांबले.

खोटं वाटतं? दगडाला वेढ्याची खाच पडलीय, ती बघा. बोट घालून बघा.

खेवजीनं पुन्हा लगीन केलं नाही. लुमा आणि तो, एका ताटात जेवत म्हातारे झाले. कोणी हे हवं, ते हवं म्हणून रडायला लागलं, की खेवजी त्याला इथं आणायचा आणि खालचं त्याचंच घर दाखवायचा.

तेव्हापासून हा साळूचा कडा, आणि तेव्हापासून आमच्या वाडीत दोर धरते ती बायको. मेव्हणे असतात मदतीला, पण टोक तिच्या कमरेला. पहिली घोंगडी तिला, मग उतरणाऱ्याला. उतरायच्या आधी ती विचारते, "काय काय पायजे?" तेव्हा पाय जमिनीवर असतात, मग काय, गडी वाट्टेल ते मागतात. कोणी मोटार मागतो, कोणी मुंबईत खोली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात. मग तो कड्याखाली उतरतो, दिसेनासा होतो. ती पुन्हा विचारते. आजवर कोणी दुसरं काही मागितलेलं नाही. खालून एवढंच येतं, "वर घे."

आणि मग वाडीतल्या सगळ्या बायका, म्हाताऱ्या, पोरी, कडेवरची लेकरंसुद्धा, कडा दणाणून सोडतात. त्या दिवशी खेवजीला मिळालं नव्हतं ना, ते उत्तर देतात, "घेतलं!"