मोजलेल्या बारा

“सर, मग वाढीचा दर किती धरू? एवढं तरी सांगा.”

केतकी हे तिसऱ्यांदा विचारत होती. मुजावर सर खिडकीपाशी उभे राहून शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते.

“सर...?”

“ऐकतोय की.”

ऐकत होते, पण बोलत नव्हते. या माणसाची हीच खोड तिच्या डोक्याला ताप होती. तीस वर्षं रुग्णालयाची ही त्वचेची प्रयोगशाळा त्यांनी चालवली. निवृत्त झाले, तरी दर मंगळवारी येऊन बसत. काही विचारावं, तर आधी चष्मा पुसत.

केतकी हुपरीकर त्यांच्या जागी आलेली. पेशी किती वेगानं वाढतात याच्या गणितात तिनं डॉक्टरेट मिळवली होती, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. सरांची पद्धत तिला ठाऊक होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, ‘हं’ म्हणायचं आणि ‘अजून तीन दिवस’ असं सांगून मोकळं व्हायचं. सगळा अंदाजपंचे कारभार! तिला त्याची चीड येई.

आज मात्र तिचंच घोडं अडलं होतं.

गुऱ्हाळावर गूळ रांधणारा गुळव्या चौगुले. उसाच्या रसाची मोठी काहील उतरवताना साखळी निसटली, उकळता पाक अंगावर आला आणि अख्खी पाठ गेली. त्याच्याच मांडीवरून नखाएवढी कातडी काढून तिच्या पेशी केतकीनं काचेच्या डिशमध्ये वाढवायला ठेवल्या होत्या. डिश भरली, की तिच्यातून तळहाताएवढी पातळ त्वचा निघते. ती पाठीवर लावायची. पाठ उघडी राहील तितके दिवस जंतूंना आयतं आवतण. म्हणून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पाठारे दिवसातून दोनदा फोन करून एकच विचारत होते, तारीख सांगा.

“तारखेसाठी दर हवा, सर. चौगुलेच्या पेशींचा दर चौगुलेचाच. दुसऱ्याचा लावून चालत नाही.”

“बरोबर.”

“मग बघा ना जरा!”

तिनं आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला. दर बारा तासांनी एक याप्रमाणे सहा दिवसांचे ठिपके, आणि त्यांच्यातून चढत गेलेली निळी रेघ. आधी सुस्त, मग एकदम झपाट्यानं वर. सुरेख काम होतं, यात वाद नाही.

“रेघ वर कुठं वाकते तेवढंच राहिलंय. डिश भरत आली, की पेशींना जागा पुरत नाही, वेग पडतो. तो वाक सापडला, की दर पक्का. अजून दोन ठिपके हवेत फक्त. पुढचा आज पाच वाजता.”

सरांनी चष्मा चढवला. कागद पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

“डिश किती आहेत?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं काय, आणि हे विचारतात काय!

“आठ.”

“लावल्या होत्या किती?”

“वीस.”

“बारा कुठं गेल्या?”

“मोजल्या, सर. मोजायचं म्हणजे पेशी काचेवरून सोडवाव्या लागतात, रंग घालावा लागतो. ती डिश मग परत ठेवता येत नाही. तुम्हाला काय हे सांगायला हवं?”

“कुठं आहेत म्हणून विचारलं.”

“या काय इथं!” तिनं कागदावर बोट आपटलं.

सरांनी वाकून एकेका ठिपक्यावर बोट टेकवलं. सावकाश. बाराव्यावर ते थांबले.

“तुम्ही कधी मोजल्याच नाहीत?” केतकीनं चिडून विचारलं. “सगळी वर्षं नुसतं बघूनच चालवलंत?”

“मोजल्या होत्या. एकदा... पाच.”

“मग?”

सरांनी टेबलावरचा कागद उचलला आणि दाराबाहेर पडले.

“सर, कागद! सर, अहो, मला त्याच्यावर लिहायचंय!”

म्हातारा माणूस, पण जिना भराभर उतरला. केतकी मागून धावली. मनातल्या मनात ती त्यांना काय काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावर जळीत विभाग होता. तिथं आत कुणाला सोडत नसत. मोठ्या काचेतून पाहायचं, एवढंच.

काचेपलीकडे चौगुले पालथा पडला होता. पट्टी बदलायची वेळ असल्यानं पाठ उघडी होती. केतकीनं त्याच्या पेशी रोज पाहिल्या होत्या. पाठ आज पहिल्यांदा पाहिली. केवढी रुंद होती ती!

बाकावरून त्याची बायको उठून उभी राहिली.

“साहेब, कधी हुईल ओ?”

सरांनी तिला हातानंच बस म्हणून सांगितलं. मग कागदाची दोन्ही टोकं धरून त्यांनी तो काचेवर टेकवला. केतकी जिथं उभी होती तिथून चौगुलेची पाठ दिसेनाशी झाली. तिच्या जागी निळी रेघ आणि बारा ठिपके.

“पुरतोय का बघ,” सर म्हणाले.

केतकीला आधी संतापच आला. हा काय पोरखेळ? बाईसमोर? ती तावातावानं म्हणाली, “दर कळला, की त्या आठांतून पुन्हा वीस करता येतात, सर. माझं गणित...”

“किती दिवसांत?”

“आठ. फार तर दहा.”

सरांनी कागद काचेवरून काढला. पाठ पुन्हा दिसली. आतली नर्स चिमट्यानं पट्टीचा चिकटलेला तुकडा सोडवत होती, आणि चौगुलेनं दातांत उशी धरली होती.

केतकी मनातल्या मनात हिशेब करू लागली. एका डिशमधून एक तळहात. वीस तळहातांत ही पाठ झाकून थोडं उरलं असतं. आठांत निम्मीसुद्धा नाही. तिच्या समीकरणात एका डिशमध्ये पेशी किती, हे होतं. वेळ होती, खाद्य होतं, जागा होती. डिश किती उरल्या, हा आकडाच त्यात कुठं नव्हता. सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, हातमोजे घालून तिनं स्वतः एकेक उचलली होती. दरवेळी ठिपका रेघेवर बरोबर बसला, म्हणून खूश झाली होती.

लाजेनं तिचे कान तापले.

“मॅडम,” बायकोनं कागदाकडे बघत विचारलं, “ह्यात काय लिवलंय ओ? ह्यांचंच हाय न्हवं?”

“हो,” केतकी म्हणाली. “त्यांचंच आहे.”

सरांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

दोघं जिना चढून वर आले.

प्रयोगशाळेत शिरताच टेबलावरचं घड्याळ वाजायला लागलं. पाच. केतकीनं सवयीनं हातमोजे चढवले, डिश ठेवलेल्या इनक्यूबेटरपर्यंत गेली, त्याच्या दाराची मूठ धरली आणि तशीच उभी राहिली. घड्याळ वाजत होतं. सरांनी ते बंद केलं नाही. शेवटी तिनंच मूठ सोडली, हातमोजे काढले, घड्याळ बंद केलं.

तेवढ्यात फोन. डॉक्टर पाठारे.

तिनं फोन उचलला नाही. फोनवर हात ठेवून सरांकडे वळली. आवाजात चीड होती, पण ती आता सरांवर नव्हती.

“तारीख विचारतील, सर... काय सांगू?”

मुजावर सर चष्मा पुसत होते.

“सांग, आठ डिश आहेत.”