बंद करताना झालेला आवाज

"आन् ह्याला अंडं काप म्हटलं, तर ते गोल कापतंय काय?"

सुयोग लाटकरला वाटलं, बाबालालचाचा आपली टिंगल करताहेत. पण चाचांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तसं नसतं, चाचा."

"करून बघितलंस?"

"...नाही."

"मग कशावरनं म्हणतोस?"

तसा सुयोग न करताच बोलणाऱ्यातला नव्हे. पुण्यातली चांगली नोकरी सोडून गडी कोल्हापुरात परतला होता, आणि घरामागच्या शेडमध्ये नऊ महिने खपून त्याने सीएनसी राउटर उभा केला होता. म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं यंत्र. टेबल स्वतः वेल्ड केलं, टेबलावर मागेपुढे सरकणारा आडवा पूल स्वतः बसवला, पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक मोटर. सरळ रेघ कशी झकास कापायचा! फक्त गोल म्हटलं, की अंडं यायचं.

आणि उद्या दसरा. एका फाउंड्रीचे मालक उद्या सकाळी पंपाच्या झाकणाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा लाकडी नमुना, कापून घ्यायला येणार होते. अंड्यासारखं झाकण कुठल्या पंपाला बसतं? हे काम गेलं तर पुन्हा पुण्याची वाट धरायची.

म्हणून तर त्याने बाबालाल शिकलगारांना बोलावलं होतं. चाचांनी चाळीस वर्षं लेथ यंत्रांचे लोखंडी बेड हाताने घासून सपाट केले होते. प्रोग्रॅम म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. सुयोगला मात्र मनातून वाटत होतं, हे म्हातारे काय डोंबल सांगणार!

"काय काय केलंस?"

सुयोगने पाढा वाचला. पट्टे बदलले. मोटरी बदलल्या. चूक किती येते ते मोजून तेवढीच उलटी चूक प्रोग्रॅममध्ये घातली.

"मग?"

"मग अंडं या कुशीवरून त्या कुशीवर वळलं."

"वळलं?" चाचांचे डोळे चमकले. "भले!"

यात भले म्हणण्यासारखं काय होतं, ते सुयोगला कळेना.

चाचांनी रुमालाची गाठ सोडली. आत झेंडूची फुलं होती. "आज खंडेनवमी. हत्यारं मांडली न्हाईस अजून?"

"एक शेवटचं कापून बघतो, मग मांडतो."

"सकाळपासनं शेवटचंच चाललंय की रे तुझं."

आज हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र चालवायचं नाही. सुयोगच्या आजोबांपासून घरात ही चाल होती. नाइलाजाने त्याने पाटावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, काटकोन तपासायचा गुण्या ओळीने मांडले आणि यंत्राचं बटण बंद केलं.

टुक्.

चाचांचा फुलं मांडणारा हात थांबला.

"हे काय बोललं?"

"काही नाही. मोटरची पकड सुटते."

"रोज बोलतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् तू?"

"मी बटण बंद करून घरात जातो."

"परत चालू कर."

"अहो चाचा, आत्ता तुम्हीच तर..."

"कुंकू कुठं लावलंय अजून? कर चालू."

यंत्र सुरू झालं. पूल नेहमीसारखा मागे गेला, दोन्ही टोकांनी आपापल्या लिमिट स्विचला, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या बटणाला, टेकला आणि थांबला. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि पुलाच्या मागच्या कडेला लावून दोन्ही टोकांशी टेबलावर एकेक रेघ ओढली.

"आता बंद."

टुक्.

सुयोग वाकला. उजवीकडे पूल रेघेला चिकटून होता. डावीकडे रेघ आणि पूल यांच्यामध्ये फट दिसत होती, नखभर.

त्याने बटण चालू केलं. फट मिटली. बंद केलं, उघडली. पुन्हा चालू. पुन्हा बंद. घाम पुसायचंही त्याला सुचेना.

चाचांनी पाटावरचा गुण्या उचलून त्याच्या हातात दिला. बंद यंत्राच्या कोपऱ्यात सुयोगने तो टेकवला. पूल काटकोनात होता. केसभरही फरक नव्हता.

"मोकळा सोडला की सरळ उभा राहतोय..." सुयोग पुटपुटला. "डावा स्विच मीच मागे बसवलाय! मोटर पुलाचं डावं टोक तिथपर्यंत ओढून नेते आणि यंत्र पूल तसाच तिरका धरून कापत राहतं. म्हणून प्रोग्रॅम बदलला तरी अंडं नुसतं कूस बदलत होतं! चाचा, नऊ महिने! नऊ महिने हे मला दिसलं नाही!"

त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. स्क्रू ड्रायव्हर घ्यायला तो पाटाकडे धावला.

चाचांनी गुण्या जागेवर ठेवला होता. स्क्रू ड्रायव्हरवर फूल ठेवलं होतं.

"हळदकुंकू तू लाव. फुलं माझी."

"चाचा, दोनच स्क्रू! स्विच सरकवतो, एकदा कापून बघतो, मग दिवसभर पूजा करतो."

"उद्या."

"उद्या सकाळी मालक येतात! त्यांच्यासमोर अंडं निघालं तर?"

चाचांनी उरलेली फुलं पुलावर ठेवली, एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या.

सुयोगने मुकाट्याने हळदकुंकू वाहिलं.

चाचा चपला शोधू लागले. सुयोग त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आला.

"निदान एवढं तरी सांगा चाचा. उद्या गोल येईल ना?"

"मला कशाला इचारतोस? त्यालाच इचार की." चाचांनी पायात चपला सरकवल्या. "पर आधी त्याची पिरगाळलेली मान सोड, मग इचार."